मी ताईचा शब्द खोटा पाडला

मित्रांनो, मी पोलिसांची एक जुनी गाडी आहे. चौकीच्या मागे पाण्याच्या टाकीशेजारी मी उभी असते. माझी दोन चाकं बसली आहेत आणि टपावर कावळ्यांची सभा भरते. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

कारखान्यातून आले तेव्हा माझा थाट काय सांगू! कोराकरकरीत रंग, टपावर दिवा आणि असा खणखणीत भोंगा, की अख्खा रस्ता बाजूला व्हायचा. ड्रायव्हरकाका मला रोज पुसून लख्ख करायचे. मी चोरांच्या मागे धावले, हरवलेल्या मुलांना घरी पोचवलं. एका आजोबांनी तर बॉनेटवर थोपटून "शहाणी आहेस गं!" अशी शाबासकीही दिली होती. माझे पाय जमिनीवर नव्हते. भोंगा ऐकला की माणसांना धीर येतो, अशी माझी ठाम समजूत झाली.

मग एका दुपारी चष्मेवाल्याच्या ताईने मदतीच्या नंबरवर फोन केला. चष्मेवाला म्हणजे बाजारात छोटंसं दुकान असलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. आमच्या हवालदारांचा चष्माही त्यानेच करून दिला होता. काही दिवसांपासून तो आजारी होता. त्याची झोप उडाली होती आणि 'मला पकडायला येणार आहेत' या भीतीने त्याला घेरलं होतं. ताई त्याला पुन्हा पुन्हा समजवायची, "अरे राजा, कोणी येणार नाही. मी आहे ना!" तिच्या या शब्दावर तो कसेबसे दोन घास खायचा. त्या दुपारी मात्र तो खोलीत कोंडून घेऊन बसला. ताईने फोनवर डॉक्टर मागितला होता. पण तिथली रीतच अशी, की कोणी दार लावून बसलं की निरोप पोलिसांना जायचा. म्हणून डॉक्टरांच्या जागी मी गेले.

ड्रायव्हरकाकांनी सवयीने भोंगा लावला. गल्लीच्या तोंडापासून त्याच्या खिडकीखालपर्यंत मी जीव तोडून ओरडत गेले. मदतीला निघाले होते ना! खिडकीचा पडदा किंचित हलला आणि झटकन मिटला. वर कपाट सरकवल्याचा आवाज आला, मग हवालदारांनी आणि ड्रायव्हरकाकांनी दाराला खांदे लावल्याचा. थोड्या वेळाने दोघांनी त्याला धरून खाली आणलं. त्याने कोणावर हात उगारला नव्हता. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. शेजारीपाजारी माना उंच करून पाहत होते.

माझ्या मागच्या दाराला आतून कडी नाही. तो ती शोधत बराच वेळ दार चाचपडत राहिला. मग जाळीतून बहिणीकडे बघून म्हणाला, "ताई, तू तर म्हणाली होतीस, कोणी येणार नाही."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याची भीती तोवर खोटी होती. मी जाऊन ती खरी करून दाखवली.

दवाखान्यात त्याला बरं वाटू लागलं. पण घरी आल्यावर तो ताईच्या हातून गोळी घेईना. शेवटी ती चौकीत आली आणि हवालदारांना म्हणाली, "दादा, एकदा घरी याल का? गाडी नको, गणवेश नको. मी डॉक्टरलाच बोलावलं होतं, एवढंच त्याला सांगा. माझ्यावर त्याचा विश्वासच राहिला नाही हो."

हवालदार साध्या शर्टात, चालत गेले. परत आले ते माझ्या पायरीवर मटकन बसले.

"पटलं का त्याला?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"दार उघडलं. मला ओळखलंही. चष्मा टोचत नाही ना, असं विचारलं. मग ताईकडे वळून म्हणाला, 'बघ, आता साध्या कपड्यांत यायला लागले.'"

मग काका म्हणाले, "पण उद्या कोणाच्या हातात सुरा असला, तर आपण जायचं नाही का?"

"जायचं की! पण मागे थांबायचं. पुढे डॉक्टरला जाऊ द्यायचं."

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी त्या फोनवर बसेल. घाबरलेल्या माणसासाठी कोणी मदत मागितली, तर आधी त्याच्याजवळ शांत बसून बोलणारं माणूस पाठवा. माझ्यासारखी गाडी लागलीच, तर ती गल्लीबाहेर उभी करा, भोंगा बंद ठेवून. ती ताई अजूनही या रस्त्याने बाजारात जाते. ती दिसली, की मला तिच्याकडे बघवत नाही.