मार्लिसच्या हॉटडिशचा ट्रे

मी मार्लिस एंगेब्रेटसनचा ट्रे बोलतोय. विश्वास बसत नसेल तर मला उलटा करून बघा. बुडाला चिकटपट्टी आहे, तिच्यावर मालकिणीचं नाव आहे. आमच्या मिनेसोटात माणसं घर बदलतात, आडनाव बदलतात, ट्रेखालची पट्टी तेवढी बदलत नाहीत.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा जन्म मार्लिसच्या ओट्यावर झाला. तळाला परतलेला खिमा, त्यावर डब्यातलं घट्ट मश्रूम सूप, आणि वर गोठवलेल्या बटाट्याच्या गोळ्यांची दाटीवाटी. ही हॉटडिश. दिसायला यथातथाच, पण स्वस्त. बर्फावर एकमेकांना धडका देऊन आलेल्या हॉकीच्या पोरांचं पोट भरावं ते हिनेच. सराव संपला की पोरं माझ्यावर तुटून पडत, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

मग किर्स्टन डालग्रेन पोरांच्या हॉकी संघाच्या खाऊ समितीची प्रमुख झाली. पालकांच्या बैठकीत तिने इवल्याशा कपांत काकडीच्या चकत्या आणि भोपळ्याच्या बिया आणल्या, आणि यापुढे मुलांना हेच, असं जाहीर केलं. आमच्याकडे न आवडलेल्या गोष्टीला कुणी वाईट म्हणत नाही. "वेगळं आहे हं," म्हणतात. त्या दिवशी सगळेच तसं म्हणाले. किर्स्टन इथलीच, तिला अर्थ पक्का कळला. पण याहून पुढे कुणी बोलणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

मार्लिस म्हणाली, "तुला बरं वाटेल तसं." ती रागावली की फार गोड बोलते. घरी येऊन तिने मला तळघरात ठेवून दिलं.

वरच्या गप्पा जिन्यातून कानावर यायच्या. पोरं कप दोन घासांत संपवत आणि मग बर्फाच्या मैदानाबाहेरच्या, नाणी टाकायच्या यंत्रातून चॉकलेटं काढून खात. कप रिकामे परत येतात, म्हणजे मुलांना आवडतात, असं किर्स्टन समितीला सांगे. समिती मान डोलावे.

एका संध्याकाळी दार वाजलं. किर्स्टनचाच मुलगा, सोरेन.

"सहज आलो होतो, काकू."

"जेवलास?"

"हो. भूक नाहीये."

"थोडं घे ना."

"नको, तुम्हाला उगाच त्रास."

"अरे, पडूनच आहे."

"मग चालेल, अगदी थोडं."

तीनदा विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, ही इथली रीत. पोटात कावळे ओरडत असतानाही पोराने ती पाळली. पडून वगैरे काही नव्हतं. मार्लिस धावत तळघरात आली, तिने मला उचललं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तासाभराने ओव्हनमधून निघालेली हॉटडिश सोरेनने जवळजवळ अख्खी संपवली. तो शेवटच्या तुकड्यापाशी थबकला होता, तेवढ्यात त्याला शोधत किर्स्टन दारात आली. तिने मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडण्याची पद्धत असती तर बरं झालं असतं.

मार्लिसने तिलाही घे म्हटलं. तिनेही तीनदा आढेवेढे घेतले. शेवटचा तुकडा अख्खा उचलणं आमच्यात निर्लज्जपणा, म्हणून तिने अर्धा घेतला. उरलेल्याचा अर्धा मार्लिसने. त्याचाही अर्धा किर्स्टनने. दोघी सुरी चालवत राहिल्या.

"घरी पण तो भूक नाही म्हणतो," अखेर किर्स्टन म्हणाली. "मला खरंच वाटत होतं गं."

"कप छानच असतात तुझे."

"मार्लिस, नीट सांग."

"भुकेली असतात गं पोरं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीत."

आमच्या गावात इतकं स्पष्ट मी कधी ऐकलं नव्हतं. किर्स्टनने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "ट्रे दे. मी घासून आणून देते."

इथे दुसऱ्याचा ट्रे रिकामा परत करत नाहीत. त्यामुळे आत्ता मी किर्स्टनच्या ओव्हनमध्ये तापतोय. खिमा आहे, सूप आहे, बटाट्याचे गोळे तिने फूटपट्टी लावल्यासारखे रांगेत मांडलेत. शेवटी मात्र हात आवरला नाही. वरून मूठभर भोपळ्याच्या बिया पसरल्याच.

पोरांनो, उद्या सरावानंतर मी तुमच्यापुढे येईन. पोटभर खा. बिया हळूच बाजूला काढा. आणि तिने विचारलंच, तर तेवढं "वेगळं आहे हं" म्हणू नका.