सुंभाच्या चौकटीतल्या तिसऱ्या

ओहोटी.

भाट्याच्या खाडीत गंगा गुडघाभर चिखलात वाकली होती, पण टोपली काही भरेना. तिसऱ्या, म्हणजे चिखलात मिळणारी शिंपल्यातली मासळी, विकून तिची चूल पेटायची आणि त्यांचे शिंपले भाजून गावातल्या आप्पांची चुनाभट्टी चालायची. आप्पा दुसरी भट्टी बांधत होते. नखाएवढी मिळाली तरी आणा, म्हणाले होते. गावाला काम मिळणार म्हणून सगळे खूश.

त्यात मासळीच्या कॉलेजातली मालिनी आली. संशोधनासाठी तिने चिखलात चार खुंट ठोकले, भोवती काथ्याचं सुंभ गुंडाळलं आणि शिमग्यापर्यंत आत कोणी हात घालू नका, अशी विनवणी केली.

"अगो, चिखलाक कुंपण घालतंस? बैल येतलो काय?" शेजारी तिसऱ्या वेचणारी चिमा म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या. गंगा नाही हसली. जागा तिची नेहमीची होती.

भरती.

(इथे गोष्टीत काही घडत नाही. जे वाढतं ते पाण्याखाली, गुपचूप.)

ओहोटी.

शिमगा आठवड्यावर आला. घरी पाहुणे, टोपली रिकामी. गंगाने इकडेतिकडे पाहिलं आणि सुंभ ओलांडलं. चिखलातून मूठ वर आली ती लिंबाएवढ्या तिसऱ्यांनी भरलेली! दुसरी मूठही तशीच.

वर पाहते तो बांधावर मालिनी उभी.

"चोरी केलंय, बाय. पण आधी सांग, ह्यांका काय खायला घातलंस?"

मालिनी हसता हसता खालीच बसली. "काही नाही, काकी. पिल्लांना वाढू दिलं, एवढंच. एकदा वीण झाली की खुशाल काढा. भट्टी चालूच दे. पण पिल्लंच जाळली तर दुसरी सोडा, पहिलीही विझेल."

गंगा तशीच चिखलाच्या पायांनी आप्पांकडे गेली. त्यांच्या एका हातात एक थोरली तिसरी ठेवली, दुसऱ्यात मूठभर पिल्लं.

"जड कुठला?"

आप्पांनी दोन्ही हात वरखाली केले, पुन्हा केले; एकटी थोरलीच जड भरली. मग बारीक माल घेणं बंद झालं आणि दुसऱ्या भट्टीच्या विटा खाडी पुन्हा तिसऱ्यांनी भरेपर्यंत रचून ठेवल्या गेल्या.

बारीक निवडायचं कसं, हे मात्र मालिनीच्या वहीत नव्हतं. गंगाने तांदूळ धुवायची रोवळी आणली, वेताच्या फटी थोड्या रुंद केल्या आणि पाण्यात हलवली. पिल्लं खाली पडून चिखलात गेली, थोरल्या वर राहिल्या. मालिनीने ते लिहून घेतलं, आणि खाली गंगाचं नावही.

मंडळी, भट्टी हवी, रोजगार हवा, कोण नाही म्हणतो? पण खाडीला वाढायला किती वेळ लागतो ते अभ्यासून घ्यावं आणि तेवढं थांबावं. थांबणाऱ्याची टोपली भरते.