एका परातीतली माया

मित्रांनो, मी एक जुनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, परात आहे. परातीला कसला आलाय राग, असं तुम्हांला वाटत असेल तर आधी माझी कड बघा. तिच्यावर दातांचे व्रण आहेत. ज्यानं ते केले त्याचं नाव बबलू आणि ज्यानं ते करू दिले त्याचं नाव भागवत. या दोघांचा सूड घ्यायचा होता, म्हणूनच मी मोडीत गेले नाही.

मी भोकरदनच्या बाजारातून हसनाबादला आले. भागवतच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, मला बोटानं वाजवून पारखलं होतं. कित्येक वर्षं माझ्यात पीठ मळलं गेलं, भाकरी थापल्या गेल्या. पाहुणे भाकरीचं कौतुक करायचे. माझं कुणी करत नसे, तरी मी खूश होते. मग घरात स्टीलची परात आली. माझ्या तळाला तडा गेल्याचं निमित्त झालं आणि माझी रवानगी अंगणात कुत्र्यापुढे झाली. त्या स्टीलवालीला मी अजून माफ केलेलं नाही, पण ती गोष्ट वेगळी.

अंगणात दिवाण होता, घरचा म्हातारा कुत्रा. तोंडावरचे केस पिकलेले, मागचे पाय आखडलेले. तो सावकाश खायचा आणि मला चाटूनपुसून लख्ख करायचा. एवढी इज्जत मला चुलीजवळही मिळाली नव्हती.

मग भागवतनं धावड्याहून बबलूला आणलं. पिल्लू कसलं, नुसती वावटळ! तो दिवाणच्या शेपटीला लोंबकळायचा, झोपलेल्या दिवाणच्या पोटावर उड्या मारायचा, माझ्यात चारही पाय घालून उभा राहायचा, माझी कड कडाकडा चावायचा. एकदा तर त्यानं माझ्यात... जाऊ द्या, सांगायलाही लाज वाटते. त्याच दिवशी मी मनात गाठ बांधली.

दिवाण गुरगुरायचा. दूर हो बाबा, एवढंच त्याचं म्हणणं. पण भागवत लगेच ओरडायचा, "ए म्हाताऱ्या, गप! लेकरू हाय ते!" आणि चप्पल भिरकावायचा. चपला खाऊन खाऊन दिवाणनं गुरगुरणं सोडलं. मग एके दिवशी, काहीही न सांगता, त्यानं बबलूचा कान फोडला.

"आता अजून एकदा चावला ना, तर भोकरदनच्या बाजारात नेऊन सोडतो त्याला," भागवत म्हणाला.

"अहो, म्हातारं जनावर हाय. तिथं त्याला कोण भाकर टाकीन?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मंग दोघायला एकाच परातीत खाऊ घाल. माझं अन् भावाचं वाजलं का माय आम्हाला एका ताटात बसवायची. एका ताटात खाल्लं का माया लागती. बिलकुल लागती!"

झालं. रोज माझ्यात एकच भाकरी पडू लागली. दिवाण तोंड खाली घाली तोच बबलू अंगावर पडे. दिवाणचे ओठ थरथरताना मला खालून दिसायचे. आता हा चावणार आणि भागवत याला बाजार दाखवणार, या भीतीनं माझाच जीव टांगणीला लागायचा. भागवत मात्र बाजेवर बसून माया लागायची वाट बघत होता.

एका सकाळी बबलू भाकरीवर झेपावला, दिवाणनं दात काढले आणि भागवत काठी घेऊन मध्ये घुसला. त्याचा पाय माझ्या कडेवर पडला. मी उसळले आणि दुसरी कड त्याच्या नडगीवर अशी हाणली की तो एका पायावर नाचला! माझ्या खणखणाटानं बबलू अंगणातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पळाला. चुकून लागलं असं भागवतला वाटलं. चुकून नव्हतं, मित्रांनो.

त्यानं मला गोठ्यामागच्या उकिरड्यावर फेकलं.

तिथून मला सगळं अंगण दिसायचं. संध्याकाळी द्वारकाबाई भाकरी घेऊन आल्या, तर परात नाही. त्यांनी दिवाणची भाकरी बुटक्या ओट्यावर ठेवली आणि बबलूची लांब, गोठ्याच्या खुंट्याजवळ, डब्याच्या झाकणात. दोघांनी मुकाट्यानं आपापलं खाल्लं. द्वारकाबाई बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या बबलूला कपाशीत सोबत नेऊ लागल्या. तिथं तो मनसोक्त उधळायचा आणि घरी येऊन आडवा व्हायचा. दिवाणचं गोणपाट ओट्यावर असे. बबलूनं त्यावर पाय ठेवला की दिवाण गुरगुरायचा. भागवत चपलेकडे वळला की द्वारकाबाई म्हणायच्या, "गुरगुरू द्या. तोंडानं सांगून राह्यला ना तो!" आणि बबलू खरंच मागं सरायचा. थंडी पडली तेव्हा तो आपणहून ओट्याच्या पायरीवर, दिवाणच्या जवळ झोपू लागला.

बाजाराचं नाव पुन्हा निघालं नाही. पण भागवत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "एका परातीत खाऊ घातलं, म्हणून माया लागली!" मी उकिरड्यावर पडून ऐकायचे आणि जळायचे.

एकदा शेजारचा संघपाल आला. त्याच्या घरी म्हातारी कुत्री होती आणि त्याला पिल्लू आणायचं होतं. "भाऊ, म्हातारी त्याला जवळ येऊ देईन का?" त्यानं विचारलं.

"थांब, दावतोच तुला." भागवतनं मला उकिरड्यावरून आणलं, धुतलं, अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि माझ्यात भाकरी टाकली. दोघांना हाक मारली.

दिवाणनं मला हुंगलं आणि तो ओट्यावर आपल्या जागी जाऊन बसला. बबलूला माझा खणखणाट आठवला असावा. तो शेपूट पायांत घालून झाकणापाशी पळाला. दोघं तिथूनच द्वारकाबाईंच्या हाताकडे बघत राहिले. भागवत "ये, ये" करून थकला. भाकरीवर माश्या बसल्या.

"मंग भाऊ, मी दोन थाळ्याच घेतो," संघपाल हसत म्हणाला.

"अन् म्हातारी गुरगुरली तर मारू नको तिला," द्वारकाबाईंनी बजावलं.

भागवतचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नडगीपेक्षा हे त्याला जास्त लागलं. मी डोळे भरून पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी नवं पिल्लू आलं तर जरूर लाड करा. पण म्हाताऱ्याचं ताट वेगळं ठेवा, त्याची जागा त्याला राहू द्या आणि तो गुरगुरला तर ऐकून घ्या. नाहीतर तुमच्याही अंगणात एखादी परात असेल.

द्वारकाबाईंनी ती भाकरी उचलून दोघांना त्यांच्या जागी दिली. मी रिकामी पडले. मग दिवाण आखडलेल्या पायांनी ओट्यावरून खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि मला चाटू लागला. माझ्यात तडा आणि दातांचे व्रण यांशिवाय काहीच नव्हतं. तरी त्यानं मला पूर्वीसारखं लख्ख केलं.

बबलू लांबून बघत होता. बघू दे.