निळ्या पट्ट्याचा माणूस

"ओ शेठ, हात मोडलेत काय? मारा की."

मागून तानाजी रिक्षावाला बोलला. त्याने आपलं नाणं व्हिडिओ गेमच्या मशीनच्या काचेवर ठेवलं होतं, म्हणजे पुढचा नंबर त्याचा. पण दामाजीने दोन्ही बाजूंची नाणी स्वतःच टाकली होती आणि दोन्ही दांडे सोडून, हात मागे बांधून तो उभा होता. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर होते. मुठी वळलेल्या, छात्या वरखाली होत होत्या. वर मधोमध उरलेल्या सेकंदांचा आकडा उतरत होता. एकाहत्तर, सत्तर, एकोणसत्तर.

"दोन कॉईन घालून नुसता बघत उभा राहिलाय," तानाजी म्हणाला. "चंदू, तुझं गिऱ्हाईक कामातून गेलं रे."

"राहू दे त्याला," चंदू म्हणाला. "तू चहा पिऊन ये."

चंदूची पिठाची गिरणी होती, कोपर स्टेशनच्या पूर्वेला. गिरणीच्या मागच्या खोलीत त्याने तीन व्हिडिओ गेम ठेवले होते. गिरणी चालू असली की पीठ उडत तिथपर्यंत यायचं आणि बटणांवर बसायचं. इथे खेळलेला माणूस बोटांवरून ओळखू यायचा.

दामाजी निळ्या पट्ट्याच्या लढवय्याकडे, निळ्याकडे, बघत होता. या खेळाचा हा तिसरा भाग, शहाण्णव सालचा. निळ्याच्या कपाळावर आता एक व्रण होता आणि कानांजवळचे केस पिकले होते. खेळ बनवणाऱ्यांनी त्याला म्हातारपणाकडे नेलं होतं. जगन मात्र तेवीस वर्षांचाच राहिला होता.

दामाजी बाळकुमचा, कोळ्याचा मुलगा. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत मोटर भरायच्या दुकानात लागला. जळलेल्या मोटरीतून काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार घालायची, हे काम. समोरच्या स्टुलावर जगन बसायचा. तो कोपर पश्चिमेच्या चाळीत आईबरोबर राहायचा. वडील नव्हते. दोघं एकाच वयाचे, एकाच महिन्यात कामाला लागलेले.

नव्वदच्या दिवाळीत चंदूकडे पहिला भाग आला. खेळातल्या लढवय्यांची खरी नावं इंग्रजीत होती. ती कोणालाच धड वाचता येत नव्हती, म्हणून सगळ्यांनी आपापली ठेवली. कमरेला निळा पट्टा बांधलेला तो निळा.

"हा आपला माणूस," जगन पहिल्याच दिवशी म्हणाला. "रंग बघ ना."

दामाजीने दाढीवाला घेतला. "हा आमच्या महिपतकाकासारखा दिसतो. प्यायल्यावर असाच उभा राहतो, गुडघे वाकवून."

तेव्हापासून आठवड्याच्या सुट्टीला दोघं चंदूकडे. जिंकेल तो मशीनवर राहणार, हरेल तो बाजूला होणार, हा तिथला नियम. आणि एक नियम दोघांचा स्वतःचा होता. झाडू मारायचा नाही. समोरच्याला कोपऱ्यात दाबून खालून पायांवर एकसारखी लाथ मारत राहिलं की त्याला उठताच येत नाही, त्याला ते झाडू म्हणायचे. "त्यात काय मर्दुमकी?" जगन म्हणायचा. "उठू तर दे माणसाला."

खेळून झालं की दोघं मिळून पुलावरून पश्चिमेला जायचे. बाकी सगळे रूळ ओलांडायचे. दामाजी नाही. "मला पाण्याचं कळतं, लोखंडाचं नाही कळत," तो म्हणायचा. जगन त्याला हसायचा, पण त्याच्यासाठी पायऱ्या चढायचा. चाळीत रमाबाई, जगनची आई, चहा ठेवायची. "आज कोणी कोणाला लोळवलं?" हा तिचा पहिला प्रश्न.

त्र्याण्णवच्या बुद्धपौर्णिमेला दुकान दुपारी बंद झालं. विहारात सहाला वंदना होती. रमाबाईने जगनला मेणबत्त्या आणायला सांगितलं होतं, तो गाडीखाली गेल्याचं कळल्यावर पुढचं सगळं तिने स्वतःच जुळवलं. जगन रुळांत सापडला तेव्हा पुडा त्याच्याजवळ होता. पोराला उशीर झाला, आई वाट बघेल म्हणून धावला आणि गेला. माझ्या मेणबत्त्यांनी माझा पोर नेला, असं ती आल्यागेल्याला सांगायची. मग सांगायचीही थांबली. त्या दिवसापासून ती विहाराची पायरी चढली नाही, घरात तिने मेणबत्ती लावली नाही.

दामाजी दर पौर्णिमेला तिच्याकडे जाऊन बसायचा. ती देईल तो चहा पिऊन उठायचा.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर चंदूने पहिला भाग काढून खेळाचा दुसरा भाग आणला. दामाजीने निवडायची चौकट दोनदा सगळ्या चेहऱ्यांवरून फिरवली. निळा नव्हताच. खेळ बनवणाऱ्यांनी त्याला काढून टाकलं होतं. मग तो सुट्टीच्या दिवशी पहिल्या भागाचं जुनं मशीन शोधत फिरू लागला, आधी कल्याणला, मग ठाण्याला. एकदा कोणी सांगितलं म्हणून खडवलीपर्यंत जाऊन आला. शेवटी कल्याणला एका लॉजच्या जिन्याखाली सापडलं. तिथे तो नाणं टाकत नसे. मशीनला कोणी हात लावला नाही की ते स्वतःच थोडी लढाई करून दाखवायचं, आणि त्यात नेमके निळा आणि दाढीवाला असायचे. निळा पुढे यायचा, दाढीवाला मागे सरायचा. आता निकाल लागणार असं वाटलं की पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तास तास तो ते बघायचा. दुकानात तार गुंडाळताना त्याचा डावा अंगठा आपोआप हलायचा, खाली, पुढे, खाली, पुढे. झाडूचा हात.

आणि आता तिसऱ्या भागात निळा परत आला होता, केस पिकवून.

आकडा शून्यावर आला. दोघांची ताकद पुरी शिल्लक, म्हणून मशीनने कोणालाच जिंकवलं नाही. दोन्ही लढवय्ये मान खाली घालून उभे राहिले.

"झालं समाधान?" तानाजी म्हणाला. "सरका."

दामाजी सरकला. बाहेर आला तेव्हा चार वाजले होते. आजही बुद्धपौर्णिमाच होती. तो पूल चढून पश्चिमेला गेला.

रमाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "चहा ठेवू?"

"नको, मावशी. आधी ऐका."

"काय झालं रे? नोकरी गेली?"

"जगनला उशीर झाला नव्हता."

सुपातले तिचे हात थांबले.

"मेणबत्त्या त्याने चारच्या आधीच घेतलेल्या," दामाजी म्हणाला. "पुडा मशीनवर ठेवलेला. आम्ही खेळत होतो. निघाला तेव्हा साडेचार वाजलेले. घाई कसलीच नव्हती त्याला. मी हरत होतो मावशी, म्हणून झाडू मारला. आमचं ठरलेलं, मारायचा नाही. उठूच दिलं नाही त्याला. तो म्हणाला, दाम्या, तू पण? आणि पुडा उचलून निघाला. मी जिंकलेलो ना, म्हणून मशीनवर राहिलो. पुढचा गडी येऊन उभा होता. नाहीतर आम्ही पुलावरून आलो असतो. दर वेळेला पुलावरूनच यायचो."

बाहेर नळावर कोणाची तरी कळशी भरून वाहत होती. रमाबाईने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "दर पौर्णिमेला आलास. इथे बसलास. माझ्या हातचा चहा प्यायलास."

"हो."

"आणि मी मेणबत्तीला हात लावत नाही, हे तुला दिसत होतं."

"दिसत होतं."

"तोंडात काय धरून बसला होतास रे?"

ती उठली, सूप फळीवर ठेवलं, पदर नीट केला आणि चपला पायात घातल्या. त्याला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढणार.

"चल," ती म्हणाली. "ते मशीन दाखव मला."

रमाबाईला आत येताना बघून चंदूने तानाजीचा खांदा धरून त्याला बाजूला केलं. तानाजीने काचेवरचं आपलं नाणं उचललं. दामाजीने दोन नाणी टाकून निळा आणि दाढीवाला घेतले.

"यातला जगन्याचा कुठला?"

"तो, निळ्या पट्ट्याचा."

ती पडद्याजवळ वाकली. "केस पांढरे झालेत की याचे."

"हो."

"आणि हा समोरचा तू?"

"हो."

"मग मारत का नाहीत?"

"कोणी हात लावला नाही तर नाही मारत. नुसते उभे राहतात."

रमाबाईने पदराने दांड्यावरचं पीठ पुसलं आणि तो मुठीत धरला. निळा एक पाऊल पुढे गेला. तिने घाबरून हात उलटा ओढला, तो एक पाऊल मागे आला. मग तिने दांडा सोडला, पण हात त्याच्याजवळच ठेवला. आकडा उतरत राहिला. गिरणी बंद होती. पार शून्यापर्यंत दोघं बघत उभे होते.

"असाच उभा राहायचा का रे तो इथे?"

"इथेच. मी त्या बाजूला."

बाहेर आल्यावर ती शेजारच्या दुकानाशी थांबली आणि मेणबत्त्यांचा पुडा मागितला. दुकानदाराने मोठ्या दाखवल्या, तिने लहानच घेतल्या. दोघं स्टेशनाशी आली तेव्हा माणसं नेहमीसारखी रुळांमधून पलीकडे जात होती. तिने तिकडे पाहिलं नाही. ती पुलाच्या पायऱ्यांशी गेली.

"विहारात यायची गरज नाही तुला," ती म्हणाली. "मी तुला काही माफबीफ केलेलं नाही."

"नाही, मावशी."

अर्ध्या पायऱ्यांवर तिला दम लागला. एका हाताने तिने कठडा धरला. दुसऱ्या हातातला पुडा अडचणीचा होत होता, म्हणून तो तिने त्याच्याकडे दिला. दामाजीने तो दोन्ही हातांनी धरला. ती एक पायरी चढे, मग तो एक पायरी चढे. खालून एक गाडी धडधडत गेली तेव्हा दोघंही थांबले आणि ती पूर्ण जाईपर्यंत उभे राहिले.

पलीकडच्या पायऱ्या उतरून झाल्या, चाळीचं वळण मागे पडलं, विहाराचा दिवा दिसू लागला, तरी तिने पुडा परत मागितला नाही.