बोटाने झाकता येणारा आत्मा

रविवारी सकाळी दहा वाजताच टायरच्या दुकानावरचा हॉल भरला होता. खुर्च्या संपल्या म्हणून लोक जिन्यात बसले होते. पुढे स्टुलावर एक कारकून बसला होता आणि त्याची बायको डोळ्याला मखमलीतलं यंत्र लावून हुंदके देत होती.

"दिसला?" जोडगुरूंनी विचारलं.

"दिसला. यांच्या शेजारीच आहे. फिकट."

"किती बाहेर आलाय?"

"चार बोटं असेल."

हॉलभर चुकचुकण्याचा आवाज झाला. चार बोटं म्हणजे केस गंभीर.

जोडगुरू हे नाव लोकांनीच दिलेलं. त्यांचं शास्त्र सोपं होतं. आत्मा देहातून सरकला की माणूस आजारी पडतो. तो परत जागेवर बसवला की माणूस बरा. सरकलेला आत्मा बघायला त्यांच्याकडे एक यंत्र होतं, लाल मखमलीच्या खोळीत शिवलेलं. बाहेर फक्त काचा तेवढ्या दिसायच्या. बघणाऱ्याच्या हातात यंत्र दिलं तरी गुरूंचा उजवा हात त्याला खालून धरलेलाच असे. शक्तीचा प्रवाह तुटू नये म्हणून. मग ते "जूळ, जूळ, जूळ" असं पुटपुटत आणि तो फिकट आत्मा सरकत सरकत देहात शिरून गडप होई. लोक एकदम सुस्कारा सोडत. कारकुनाचाही शिरला. बायकोने गुरूंचे पाय धरले आणि कारकून उठून, आपल्याला खरंच हलकं वाटतंय का, याचा अंदाज घेत जिना उतरला.

त्याच्यानंतर माझी वहिनी स्टुलावर बसली. माझा दादा सुतार आहे. दाराची चौकट अर्ध्या सुताने कलली तरी त्याला झोप लागत नाही. पण बायकोला लग्नाआधीपासून फिट येतात, आणि तिथे त्याची सगळी मापं चुकतात. त्याने यंत्रात पाहिलं आणि तो पांढरा पडला. मीही पाहिलं. आणि हसू दाबताना मला ठसका लागला.

मी बावीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करते. मखमलीच्या आत काय आहे ते मला पहिल्या नजरेतच कळलं. पिशवीत माझा रोजचा डिजिटल कॅमेरा होता. त्यात डोळ्यापाशी काच नसते, इवलासा पडदा असतो. लेन्सला जे दिसतं तेच तो दाखवतो. फोकस चुकला तर सगळंच धूसर, जुळला की कडांवर लाल रेघा चमकतात. मी तो दादाच्या हातात दिला.

"बघ. वहिनी एकच आहे. शेजारी कोणी नाही."

जोडगुरू गोड हसले. "ताई, हा पडदा. पडद्यावर सिनेमासुद्धा दिसतो. तो खरा मानायचा का? आत्मा बॅटरीवर दिसत नसतो. त्याला शुद्ध काच लागते."

हॉल खळखळून हसला. उत्तर फर्मास होतं, हे मलाही कबूल करावं लागलं. वहिनीचा आत्मा जोडला गेला आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून तिने फिटच्या गोळ्या बंद केल्या. आम्हाला कोणालाच सांगितलं नाही. नवव्या दिवशी न्हाणीघरात फिट आली, कपाळ नळावर आपटलं, तीन टाके पडले. दादाने गुरूंना फोन केला तेव्हा ते म्हणाले, आजार घर सोडताना थोडी आदळआपट करणारच.

मी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसले. रागाने बोलायला तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"मला माहितीये तू काय म्हणणार. पण नऊ दिवस मी जागी होते गं. त्या गोळ्यांनी सकाळी अकरापर्यंत डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. नऊ दिवस पोरीची वेणी मी घातली."

"हे डॉक्टरांना सांगितलंस कधी?"

"त्यांनी विचारलं कधी?"

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना विचारते, नेमकं काय बिघडलंय. घरात एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा हॉलमध्ये गेलो. या वेळी मी दुकानातल्या फळीवरून एक जुना कॅमेरा घेतला होता. त्याला ना पडदा, ना बॅटरी. वहिनीच्या कपाळावर पट्टी होती, त्यामुळे लोकांनी वाट दिली.

"गुरुजी, शुद्ध काच आणलीये," मी म्हटलं. "दादा, त्या भिंतीवर आग विझवायचं लाल सिलिंडर आहे ना, त्याच्याकडे बघ."

दादाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दोन दिसतायत. एक फिकट."

"म्हणजे सिलिंडरचाही आत्मा सरकलाय."

मागून एक आजी काळजीने म्हणाल्या, "मग त्यालाही बसवा की."

"ताईंच्या यंत्रात दोष आहे," जोडगुरू म्हणाले.

"मग तुमच्यातून बघतो," म्हणत दादाने मखमली यंत्र उचललं. गुरूंचा हात सवयीने खाली आलाच. दादा त्या हाताकडे पाहत राहिला.

"हात काढा."

"प्रवाह तुटेल."

"तुटू दे. आणि आता म्हणा तुमचं जूळ जूळ."

गुरूंनी म्हटलं. तीनदा म्हटलं. फिकट सिलिंडर जागचं हललं नाही.

तेवढ्यात वहिनीने दादाच्या हातातून यंत्र घेतलं आणि खोळीची शिवण टरकन उसवली. आतून निघाला माझ्या जुन्या कॅमेऱ्याचाच थोरला भाऊ. मी तिला पुढच्या दोन खिडक्या दाखवल्या, एक मोठी आणि एक बटणाएवढी.

"छोटीवर बोट ठेव आणि दादाकडे बघ."

तिने पाहिलं. बोट उचललं. पुन्हा ठेवलं. असं चारदा केलं.

"आत्मा बोटाने झाकता येतो होय," ती शांतपणे म्हणाली.

मग मी सगळ्यांना अंगठा नाकासमोर धरायला लावला. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. दोनशे अंगठे जागच्या जागी उड्या मारू लागले. या जुन्या कॅमेऱ्याला असेच दोन डोळे असतात. आतला आरसा छोट्या खिडकीतलं चित्र मोठीतल्या चित्रावर टाकतो, म्हणून दोन दिसतात. लेन्सची कडी फिरवली की आरसा किंचित वळतो. कडी बरोबर अंतरावर आली की दोन्ही चित्रं एक होतात, आणि फोटो काढणाऱ्याला कळतं की फोकस जुळला. गुरूंची बोटं खोळीच्या कापडावरूनच ती कडी फिरवत होती. माझ्या डिजिटलमध्ये दुसरी खिडकीच नाही, म्हणून त्यात भूत नाही.

लोक कॅमेरा हातोहात फिरवू लागले. कोणी खुर्चीचा आत्मा बसवला, कोणी शेजाऱ्याचा मुद्दाम बाहेर काढला. या गडबडीत जोडगुरू जिन्याने उतरून कधी गेले ते कोणी पाहिलं नाही. तो कारकून मात्र एकटाच कोपऱ्यात बसून होता. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, "मीसुद्धा गोळ्या सोडल्यात हो. बी.पी.च्या." वहिनीने त्याला आपल्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

डॉक्टरांनी तिचं या वेळी सगळं ऐकलं. गोळी बदलली, वेळही बदलली. सकाळचा कापूस पुरता गेला नाही, कमी झाला.

आता मी लोकांना हसत नाही. फिकट सावली खरोखर दिसते, डोळे खोटं बोलत नाहीत. पण दिसलेल्या गोष्टीचा अर्थ दुसऱ्याने सांगितला की लगेच मान डोलवू नका. यंत्र उघडून बघा, वस्तू बदलून बघा, आणि हात काढल्यावर चमत्कार चालतो का ते बघा. तोवर औषध मात्र, डॉक्टरांना विचारल्याशिवाय, एक दिवसही सोडू नका.