नेहमीचा प्रश्न

या बरं, बाळांनो, जरा माझ्याबरोबर या. एक लांबट खोली डोळ्यांसमोर आणा. मधोमध टेबल, इतकं चकचकीत की छतावरचा पंखा त्यात उलटा फिरताना दिसावा. टेबलावर परक्या देशाचा चिमुकला झेंडा, एक कात्री आणि बंद लिफाफ्यांची चवड. समोर भिंतीलगत खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यातल्या एकीवर बसलेली मुलगी, जिचे पाय काही जमिनीला टेकत नाहीत. तिला घरात चिमटी म्हणायचे, कारण ती होतीच चिमटीएवढी. बोलणं मात्र पोतंभर.

आज ते पोतं बांधून ठेवलं होतं. बाबांनी फाटकाशीच बजावलं होतं, "आत गेल्यावर ताईला ओळख दाखवायची नाही. हाक नाही, हात हलवणं नाही. कळलं?"

आणि ताई तर अगदी समोर, टेबलापलीकडे बसली होती!

ही ताई म्हणजे चिमटीची आतेबहीण. विद्यापीठात वाणिज्य शिकत होती आणि मामाकडेच राहत होती. सुटीत तिला या वकिलातीच्या हिशेब विभागात इंटर्नशिप मिळाली, तेव्हा चिमटीने पहिला प्रश्न टाकला, "तिथे सगळे काळे कोट घालून बसतात?"

"अगं, वकिलात म्हणजे वकिलांचं घर नव्हे," ताई हसत म्हणाली होती. "दुसऱ्या देशाचं आपल्याकडचं कार्यालय असतं ते. त्यांच्या देशाचा पैसा इथे खर्च होतो. तो योग्य जागी गेला का, बिलं खरी आहेत का, एकाच कामाचे पैसे दोनदा तर दिले नाहीत ना, हे आमचा विभाग बघतो."

"आणि तुला किती देतात?"

"काही नाही. काम शिकायला मिळतं, आणि शेवटी प्रमाणपत्र."

झालं! बाबांनी तिथल्या तिथे तिचं बारसं केलं, 'बिनपगारी फुल अधिकारी'. सकाळी ती शर्टाला इस्त्री करू लागली की ते ओरडायचे, "सरका, सरका, फुल अधिकारी निघाल्या! भाडं घरचं, डबा घरचा, आणि रुबाब परदेशाचा!"

"पोरीला चिडवू नका हो," आई म्हणायची. पण बाबांचं म्हणणं सरळ होतं, घाम तिथे दाम. ते खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचे, आणि फुकट काम त्यांनी सख्ख्या साडूचंसुद्धा केलं नव्हतं.

मग ते या खोलीत कसे आले? तर एकदा ताईला सोडायला गेले असताना त्यांना वकिलातीच्या फाटकाबाहेर फलकावर सूचना दिसली. मोठ्या दालनातल्या सगळ्या खुर्च्यांना नवं कापड चढवायचं आहे, आपापले दर बंद लिफाफ्यात द्यावेत. बाबांचे डोळे लकाकले. हे काम मिळालं तर दुकानात नवं शिलाई मशीन येणार होतं. जुनं आता जाड कापड दिसलं की सुया मोडायचं. ताईला मात्र त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. "तिच्या डोक्याला ताप नको," ते आईला म्हणाले. "आणि वशिला लावला असंही कोणी म्हणायला नको." ओळख लपवली की भागलं, असं त्यांना वाटलं. चांगल्या माणसांच्या चुका बहुधा अशाच असतात. मनात काळंबेरं नसतं, पण बाहेरून बघणाऱ्याला ते कसं कळावं?

लिफाफे ज्यांनी दिले त्यांच्यासमोरच ते उघडायचे, अशी तिथली पद्धत. बाबा आणि चिमटी आत आले, तेव्हा ताईच्या हातातली कात्री क्षणभर थबकली. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

शेजारच्या खुर्चीवर एक दाढीवाला दुकानदार ऐसपैस बसला होता. "काय मास्तर," तो बाबांना म्हणाला, "आत्तापासूनच लेकीला कामाला जुंपलं वाटतं?"

"आज शाळेला सुटी आहे हो," बाबा म्हणाले आणि चिमटीचा हात दाबून धरला.

लेखाधिकारी बाई आल्या. त्या परदेशी होत्या, पण इथली भाषा शिकल्या होत्या. एकेक शब्द जपून ठेवायच्या, जणू काचेची भांडी. "उघडण्याआधी नेहमीचा प्रश्न," त्या म्हणाल्या. "टेबलाशी बसलेल्या कोणाचं, लिफाफा देणाऱ्यांपैकी कोणाशी नातं आहे का?"

"नाही," बाजूचा कारकून मान वरही न करता म्हणाला. वर्गात आपण "हजर" म्हणतो ना, अगदी तसं.

आता ताईची पाळी. चिमटीला सगळं कळत होतं. ताई 'हो' म्हणाली तर बाबांचा लिफाफा केराच्या टोपलीत जाणार, मशीनही गेलं. कदाचित ताईलाही घरी पाठवतील, प्रमाणपत्राविना. 'नाही' म्हणाली तर कोणाला काय कळणार होतं? म्हण ना ताई, नाही म्हण, चिमटी मनातल्या मनात घोकत होती.

ताईने कात्री टेबलावर ठेवली आणि ती उठून उभी राहिली.

"हो, आहे. ते माझे मामा आहेत. मी त्यांच्याच घरी राहते. ते येणार हे मला आत्ता, त्यांना पाहिल्यावर कळलं. हे लिफाफे मी उघडू नयेत, आणि दरांची तुलनाही मी करू नये."

"वा रे वा!" दाढीवाला गरजला. "घरचंच माणूस आत बसवलंय! मग आम्ही काय टाळ्या वाजवायला आलो?"

बाबांचे कान लालबुंद झाले. ते उठले. "बाई, तिला खरंच ठाऊक नव्हतं. सूचना मी फलकावर वाचली. लपवलं ते मी, तिने नाही."

बाईंनी बाबांचा लिफाफा उचलून सगळ्यांना दाखवला, पुढून आणि मागून. "हा अजून बंद आहे. ती बाहेर थांबेल, उघडणारे हात बदलतील. कोणाची हरकत?"

दाढीवाल्याने लिफाफा निरखून पाहिला, दाढी खाजवली आणि म्हणाला, "नाही."

ताई बाहेर गेली. दार लागलं.

कारकुनाने एकेक लिफाफा कापला आणि दर मोठ्याने वाचले. बाबांचा दर दाढीवाल्यापेक्षा कमी निघाला, तेव्हा त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. चिमटी खुर्चीच्या अगदी कडेवर आली. पण शेवटचा लिफाफा कोपऱ्यात गप्प बसलेल्या एका काटकुळ्या माणसाचा होता, आणि त्याचा दर बाबांहून थोडासा कमी होता. काम त्याला मिळालं.

बाहेर ताई भिंतीला टेकून उभी होती. बाबांच्या पडलेल्या खांद्यांनी तिला सगळं सांगितलं. "मामा, रागावलास?"

बाबा काही बोलण्याआधी लेखाधिकारी बाई मागून आल्या. "हा प्रश्न मी कितीतरी वर्षं विचारते आहे," त्या ताईला म्हणाल्या. "आज पहिल्यांदा कोणीतरी तो ऐकून उत्तर दिलं. उद्या वेळेवर या. खुर्च्या सोडून बाकी सगळं काम तुमची वाट बघतंय."

दाढीवाला जाता जाता थांबला. "काय मास्तर, भाची आत असून काम गेलं? नशीबच फुटकं!"

तेव्हा बाबांचे खांदे जे वर गेले म्हणता!

"फुटकं? अहो, भाची आत होती, आणि तरी माझा लिफाफा तुमच्या लिफाफ्यासारखाच उघडला गेला. आहे का तुमच्या घरात असं कोणी? तेही पगार न घेता?"

दाढीवाल्याने काढता पाय घेतला.

त्या दिवशी घरी जाताना ताईची पिशवी बाबांनी स्वतःच्या खांद्यावर अडकवली. बसमध्ये शेजारच्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी आपणहून सांगितलं, "ही माझी भाची. वकिलातीत असते, हिशेब विभागात."

"अरे वा! पगार चांगला असेल?"

"पगाराचं काय घेऊन बसलात!" बाबा म्हणाले, आणि ताईला एवढं हसू आलं की तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाबा, आणि मशीन?" चिमटीने हळूच विचारलं.

"मोडतील आणखी चार सुया. मोडू देत."

चिमटी पुढे सगळा रस्ता गप्प होती. एवढी गप्प, की बाबांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी गणितं घातली आणि नेहमीप्रमाणे वह्या अदलाबदल करून तपासायला दिल्या. चिमटीच्या वाट्याला आली ती तिच्या जिवलग मैत्रिणीची वही. मैत्रीण मागून डोळ्यांनी खुणावत होती, जरा सांभाळून घे. चिमटीने वही मिटली, बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, हिची आणि माझी गट्टी आहे. ही वही दुसऱ्या कोणीतरी तपासावी. मी बाहेर थांबते."

आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत ती दार लोटून व्हरांड्यात जाऊन ताठ उभी राहिली.