तीन वर्षांत अनुदान

सुमंगलाबाई वालूरजवळच्या एका विनाअनुदानित शाळेतून निवृत्त झाल्या. निरोप समारंभासाठी शाळेच्या वेबसाइटवर इतिहासाचं पान टाकायचं ठरलं. परभणीत वेबसाइटचं काम करणाऱ्या निकितानं, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीनं, ते हौसेनं केलं. बाईंनी फोनवर सांगितलं, तिनं एकेका ओळीत लिहिलं: १९९६. शाळा सुरू. २००४. दहावीची पहिली तुकडी. २०११. लिंबाजी सर गेले. २०१६. पहिलं अनुदान. अनुदान येईपर्यंत बाईंनी आणि जाईपर्यंत लिंबाजी सरांनी बिनपगारी शिकवलं होतं.

समारंभात संस्थेचे अध्यक्ष दत्तराव पडद्यावरचं पान मोठ्यानं वाचू लागले. "शहाण्णव, शाळा सुरू. सत्त्याण्णव, पहिली तुकडी. अठ्ठ्याण्णव, लिंबाजी सर गेले. नव्याण्णव, अनुदान!" टाळ्या पडल्या.

लिंबाजी सरांच्या पत्नी रुख्मिणीबाई पुढच्याच रांगेत होत्या. त्या उठल्या. "बाई, हे काय वाचायलेत? अठ्ठ्याण्णवला तर आमचे हे धडधाकट होते. आमच्या पोराचा, गोपाळचा जन्म बी झाला नव्हता."

कुणीतरी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

बाईंनी मंडपाबाहेर येऊन निकिताला फोन लावला. ती रडवेली झाली. "मी बरोबरच लिहिलं होतं, बाई. पण ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि पुढं टिंब आलं की वेबसाइटच्या प्रोग्रामला ती यादी वाटते. पहिला आकडा तेवढा माझा घेतो, पुढचे आपल्या मनानं ओळीनं लावतो. मी पान उघडून बघायला पाहिजे होतं. आत्ता नीट करते. टिंबाआधी एक तिरपी रेघ दिली की आकडा आहे तसाच राहतो."

तिनं लगेच दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी पानावर पुन्हा तीच चुकीची सालं होती आणि निकिताचा पासवर्ड चालत नव्हता.

बाई दत्तरावांच्या घरी गेल्या. त्यांनी चहा मागवला.

"राहू द्या ना, बाई. तीन वर्षांत अनुदान, वाचायला किती बरं वाटतं! लोक विचारायलेत, कसं काय जमवलं म्हणून."

"आणि लिंबाजी सर?"

"ते तर गेलेच ना. आधी काय, मागून काय."

चहा तसाच ठेवून बाई उठल्या. रुख्मिणीबाईंना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून कितीतरी दिवस त्यांच्या गल्लीनं जाणंच त्यांनी टाळलं.

जूनमध्ये वालूरच्या स्टँडवर एका तरुण शिक्षकानं त्यांच्या हातात पत्रक दिलं. वर ठळक अक्षरात होतं: 'अवघ्या तीन वर्षांत अनुदान मिळवणारी संस्था'. तो त्यांना ओळखत नव्हता.

"नातवंडं असतील तर घाला आमच्याकडं, मावशी. इंग्रजी शाळा पण काढली आता."

"पगार होतो का रे तुझा?"

तो ओशाळून हसला. "अजून न्हाई. पण तीन वर्षांत होईल म्हणालेत साहेब. पहिल्या शाळेला तेवढीच लागली होती."

बाईंनी तोंड उघडलं, पण एवढ्यात सेलूची गाडी लागली आणि तो पत्रकं घेऊन गर्दीकडं पळाला.